हात खाली, माझ्याकडे बघ

ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलाने हात हलवणं थांबवलं म्हणजे थेरपी यशस्वी झाली, हे मला अजिबात मान्य नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ती बोलत नाही. मनात काही घोळत असलं की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. लहानपणी फ्रॉकची लेस असायची. तेव्हा एका सेंटरमध्ये तिचा अख्खा तास 'हात खाली, माझ्याकडे बघ' यातच जायचा. हात मांडीवर राहिले की चॉकलेटची एक गोळी. त्या लेसने कुणाचं काय बिघडतंय, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "चारचौघांत बरं दिसत नाही ना, ताई." म्हणजे सगळा खटाटोप चारचौघांसाठी! आम्ही ते सेंटर सोडलं.

अशाच तासांतून गेलेली मुलं आज मोठी झाली आहेत, लिहिताहेत, बोलताहेत. त्यांच्यातले कितीतरी जण सांगतात की डोळ्यांत बघायची सक्ती झाली की सगळं लक्ष तिथेच खर्च होतं, समोरचा काय म्हणतोय ते डोक्यात शिरत नाही. हात हलत राहिले तर मन थाऱ्यावर राहतं. १९९३ साली जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना उद्देशून लिहिलं होतं की आमच्यासाठी शोक करू नका. मनातलं मूल मिळालं नाही याचं दुःख तुमचं आहे, समोर जे मूल आहे त्याला तुम्ही हवे आहात. पालक म्हणून हे वाचताना पोटात तुटतं. तरी प्रत्येक पालकाने ते वाचावं.

'या मुलांना माणसं कळत नाहीत' हेही आपण किती सहज बोलून जातो. २०२० साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखंच, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. दोन्ही प्रकारची माणसं मिसळली, तिथे ती जास्त गळत गेली. म्हणजे अडचण दोघांच्या मधे आहे, आणि दुरुस्ती मात्र एकाच बाजूची चालू आहे.

या मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांचं म्हणणं सांगितलं की पालकांच्या ग्रुपवर मला नेहमी ऐकवलं जातं, "ते बोलू शकतात हो, आमचं मूल कुठे बोलतं?" माझीही बोलत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं, चित्रं दाबून आपलं म्हणणं सांगायचं ॲप मराठीतही आहे. त्यात होकार आहे तसा नकारही आहे. मूल होकाराचं बटण दाबतं तेव्हा आपण व्हिडिओ काढतो. नकाराचं दाबलं की ते हट्टी ठरतं. तो नकार ऐकायला कुठली पदवी लागत नाही.

येत्या २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, कार्यक्रम ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांचा नाच बसवण्याआधी एका प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तीला वक्ता म्हणून बोलवा. प्रश्न आधी लेखी पाठवा, स्पीकरचा आवाज कमी ठेवा. टाइप करून उत्तर द्यायचं असेल तर तेवढा वेळ थांबा. आणि डॉक्टरांना देता तेवढंच मानधन त्यांनाही द्या.