इकोत दिसली ती गुठळीच, हे कोणी ठरवलं?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: 'हृदयाच्या पेशी वाढत नाहीत, म्हणून हृदयाला कॅन्सर होत नाही. इकोत काही दिसलंच तर ती रक्ताची गुठळी. रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्या, एमआरआयच्या नादी लागू नका.' (इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.) हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पेशी वाढत नाहीत? स्नायूंच्या पेशी क्वचितच विभागतात, हे खरं. पण हृदयात रक्तवाहिन्या, चरबी, आवरण असं बरंच काही असतं. अँजिओसार्कोमा हा कॅन्सर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उपजतो, बहुधा उजव्या वरच्या कप्प्यात. हृदयातच सुरू होणाऱ्या गाठी फार दुर्मिळ आणि बहुतेक साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात. फुफ्फुस किंवा स्तनाच्या कॅन्सरमधून तिथे पसरलेल्या गाठी त्यांच्या कितीतरी पट जास्त आढळतात.

'दिसली ती गुठळीच.' सगळ्यात घातक वाक्य हे. प्रौढांमध्ये नेहमी सापडणारी साधी गाठ म्हणजे मिक्सोमा. सुमारे ७५ टक्के वेळा ती डाव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लोंबकळत असते. इकोत बघा, मोठी असेल तर दर ठोक्याला ती डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेतून खाली डोकावते आणि परत वर जाते. ती गोळ्यांनी विरघळत नाही. तिचा तुकडा निसटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. तिच्यावर उपाय शस्त्रक्रियेचा. स्वीडिश सर्जन क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १९५४ साली स्टॉकहोममध्ये ती यशस्वीपणे काढून दाखवली.

मग गाठ की गुठळी, हे ओळखायचं कसं? इथेच एमआरआय कामी येतो. शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध सोडलं की रक्तपुरवठा असलेली गाठ उजळते. गुठळीला रक्तपुरवठा नसतो, ती काळीच राहते. जुन्या गुठळीची कड कधी किंचित उजळते, म्हणून जागा, आकार आणि रुग्णाचा इतिहासही बघावा लागतो. लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, तर एमआरआयमध्ये चरबीचा सिग्नल दाबला की लगेच काळा पडतो.

इको आधी करायचा, यात वाद नाही. एमआरआय प्रत्येकाला लागतो असंही नाही. झडपेवरची काही मिलिमीटरची फायब्रोइलास्टोमा ही साधी गाठ अन्ननलिकेतून केलेल्या इकोतच जास्त स्पष्ट दिसते. कॅल्शियम आणि फुफ्फुसं बघायला सीटी बरा.

आणि कधीकधी 'गाठ' म्हणून दिसलेला भाग उजव्या वरच्या कप्प्यातला जन्मजात, निरोगी स्नायूचा उंचवटा निघतो. त्याला ना गोळी लागते, ना ऑपरेशन.