सगळ्यालाच ‘कमी होणे’ म्हणू नका

आमच्या समाजमंदिरात मी संध्याकाळी दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. परवा एका पोरीनं वही पुढे केली. एकाखाली एक शब्द लिहिलेले : फेड, वेन, एब, ड्विंडल, सबसाइड, टेपर. प्रत्येकापुढे एकच अर्थ, ‘कमी होणे’. गाइडात तसंच छापलं आहे. तिनं विचारलं, “सर, सगळ्याचा अर्थ एकच हाय, तं मंग इतके शब्द केले काऊन?”

प्रश्न अगदी खरा होता. मी तिलाच विचारलं, पुराचं पाणी काय होतं? “ओसरते.” ताप? “उतरते.” विहीर? “आटते.” लुगड्याचा रंग? “विटते.” आणि चंद्र? इथं ती थांबली.

ज्या पोरीच्या तोंडात इतकी क्रियापदं तयार आहेत, तिला आपण एका ‘कमी होणे’वर भागवायला लावतो. याचा मला मनापासून राग येतो. त्यात इंग्रजीही नीट येत नाही आणि घरातलं मराठीही हातचं जातं.

‘एब’ घ्या. मूळ शब्द समुद्राच्या ओहोटीचा. वर्धेच्या काठच्या आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, पण २०२२ च्या जुलैतला पूर पाहिला आहे. पाणी एकदम गेलं नाही. घाटाची एक पायरी उघडी पडली, मग दुसरी. दोन दिवस आम्ही तेच मोजत बसलो होतो. ‘ओसरणे’ म्हटलं की पोरांना ‘एब’ कळतो, वेगळं समजवावं लागत नाही.

‘सबसाइड’ लॅटिनमधून आला, मूळ अर्थ खाली बसणे. आपल्याकडेही धुरळा बसतो, गाळ बसतो. ‘फेड’च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला शब्द आहे, अर्थ फिका आणि बेचव. आता आपलं ‘विटणे’ बघा : कापडाचा रंग विटतो, अन्न विटतं, माणसाचं मनही विटतं. इतका जवळचा शब्द घरात असताना तिथं ‘कमी होणे’ कशाला?

‘ड्विंडल’ मी कापसावर शिकवतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून पहिली वेचणी होते तेव्हा बायांच्या ओट्या भराभर भरतात. दुसऱ्या वेचणीला तर दुपारच्या आतच गाठोडं बांधावं लागतं. मग फरदड, म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर त्याच झाडांवरचा उरलासुरला कापूस. बोंडं लहान, निम्मा कापूस कवडी, म्हणजे नीट न फुललेला, खराब. दिवसभर वाकून काट्यावर टाकलं की तीच बाई खाली मान घालते, कारण मजुरी किलोवर असते. बाजाराच्या बातमीत याला ‘आवक रोडावली’ म्हणतात. रोडावणे म्हणजे रोड होत जाणे, अंगानं वाळत जाणे. जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदापासून ‘ड्विंडल’ आला, त्याचाही अर्थ झुरत, खंगत जाणे असाच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ पुस्तक हातात धरून बसलो होतो.

पौर्णिमेनंतर चंद्र उतरत जातो, त्याला इंग्रजीत ‘वेन’ म्हणतात. हा शब्द तर आपल्या नात्यातलाच आहे. त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या ‘ऊन’चं मूळ एकच. त्या ‘ऊन’वरून आपलं ‘उणे’ आलं. ‘एकोणीस’ म्हणजे विसाला एक उणा. आपण रोज बाजारात मोजतो त्या आकड्यात इंग्रजीतल्या उतरत्या चंद्राचा भाऊ बसला आहे!

हा नुसता परीक्षेतल्या गुणांचा विषय नाही. माझ्या बाबांना दम्यासाठी बरेच आठवडे स्टेरॉईडच्या गोळ्या होत्या. चिठ्ठीवर इंग्रजीत ‘टेपर’ लिहिलेलं. गोळ्या देणाऱ्यानं सांगितलं, “कमी करा, मग बंद करा.” बाबांना बरं वाटत होतं, त्यांनी हे ऐकल्यावर तिसऱ्याच दिवशी बंद केल्या. नंतर भोवळ, खाटेवरून उठवेना. इतके दिवस गोळी घेतली की शरीर स्वतःचं तसलं संप्रेरक बनवणं मंदावतं, पुन्हा सुरू व्हायला त्याला वेळ लागतो. टेपर म्हणजे मुळात मेणबत्ती, वर निमुळती होत जाणारी. “काका, पायरी-पायरीनं उतरवत आणा,” एवढं जरी कोणी म्हटलं असतं तरी बाबांना समजलं असतं. जिने-पायऱ्या उतरायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

शिक्षक मित्रांनो, गाइडातला अर्थ खोडा आणि पोरांना विचारा, तुझ्या घरी याला काय म्हणतात? तेच लिहून घ्या. वऱ्हाडी असलं तरी चालेल, उलट तेच आधी लिहा.

ती पोरगी आज सकाळी शाळेत जाताना दारात थांबली. “सर, आजीले विचारलं. चांद झिजते म्हणते.” वहीत ‘वेन’पुढचं ‘कमी होणे’ तिनं आधीच खोडलेलं होतं.