आउटबॉक्समध्ये अडकलेली सोसायटी

वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी जायला लागते, आणि परवा रात्री साडेनऊला माझ्या हातात तेवढीच एक रात्र उरली होती. जुना लॅपटॉप श्रावणात वारला, नवीनवर सोसायटीचा ईमेल मीच बसवलेला, भाच्याने मागे डायरीत लिहून दिलेले आकडे बघून. मेल येत होते. धडाधड येत होते, पार्किंगच्या तक्रारी, लीकेजचे फोटो, सगळं. जात मात्र एकही नव्हता. नोटीस आउटबॉक्समध्ये जाऊन बसायची आणि खाली एक ओळ यायची, "सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही". कुठल्या सर्व्हरशी, का, ते नाही. मी परत सेंड दाबायचो.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका गच्चीची चावी मागायला आले आणि बसलेच. काका आरएमएसमधून रिटायर, म्हणजे रेल्वेच्या डाकडब्यात रात्रभर उभं राहून पत्रं कप्प्यात टाकायची नोकरी. ईमेल या प्रकाराला ते अजून "ते तुमचं" म्हणतात.

"पत्रं येतायत ना?"

"हो."

"आणि जात नाहीत."

"नाही ना काका."

"मग पेटी बघा."

"यात पेटी नसते हो."

"नसते कशी? घरी पत्र टाकणारा पोस्टमन वेगळा, कोपऱ्यावरची लाल पेटी उघडणारा वेगळा. पोस्टमन रोज येतो म्हणून पेटी रोज उघडतात असं थोडंच आहे?"

मला हसू आलं. वरवर. कारण सेटिंग्ज उघडल्या तर खरंच दोन वेगळी पानं, इनकमिंगचं एक, आउटगोइंगचं एक. काकांनी डायरी ओढून घेतली, चष्मा कपाळावरून खाली. "हे ९९३ काय?"

"येणाऱ्या मेलचा पोर्ट."

"म्हणजे खिडकी. आणि हे २५?"

"जाणाऱ्याची."

"ती बंद असेल," असं म्हणून त्यांनी चहा मागितला.

इंटरनेटवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन लावला, काकांच्या आग्रहाखातर स्पीकरवर. "सर आपलं नेट चालू आहे का?" मेल येतोय म्हटल्यावर "मग चालू आहे सर". राउटर बंद करून चालू करायला लावला, दोनदा. शेवटी कोणीतरी दुसरा आला आणि म्हणाला, २५ आमच्याकडून ब्लॉकच असतो सर, स्पॅममुळे, ५८७ टाका. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बशीत चहा ओतत राहिले. ते जास्त लागलं.

नंतर वाचलं, मेल पाठवायचा हा नियम १९८२ सालचा, म्हणजे आपल्याकडे एशियाड आणि रंगीत टीव्ही आला त्या वर्षीचा. तेव्हा तुम्ही कोण हे कोणी विचारायचंच नाही, कोणीही यावं, टाकून जावं. मग जगभरच्या लॉटरीवाल्यांनी रांग लावली, म्हणून ही वेगळी खिडकी काढली आणि तिथे आधी ओळखपत्र. पटतं मला. पण मग ॲपने तसं सांगायला काय हरकत आहे? "२५ बंद, ५८७ बघा." चार शब्द. बनवणाऱ्यांना बटणाचे कोपरे गोल करायला वेळ असतो, हे लिहायला नसतो, आणि इथे पन्नाशीचा माणूस आपण अडाणी आहोत असं समजून तासभर राउटर उपटत बसतो.

५८७ टाकलं तर नवीन एरर. "ओळख विचारत असतील," काका. होय, तेच. आउटगोइंगलाही लॉगिन लागतं ही टिक चार पानं आत लपवलेली होती. ती केली आणि आउटबॉक्स रिकामा झाला. सगळाच. मी किती वेळा सेंड दाबलं होतं ते तेव्हा कळलं, अकरा वेळा. बी विंगमधून दहा मिनिटांत उत्तर आलं: "नोटीस ११ वेळा मिळाली. सभाही ११ आहेत का?"

सकाळी लिफ्टपाशी काका कोणाला तरी सांगत होते, सेक्रेटरींना पेटी सापडत नव्हती. काकांना ईमेल नाही, त्यामुळे त्यांची प्रत छापून, घरी नेऊन सही घ्यावी लागली. चष्मा लावून त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचली आणि परत केली. लेटरहेडवरच्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे आहेत म्हणे.