मेणबत्ती ऑक्सिजन मोजत नाही

शाळांतल्या विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की पेडण्यापासून फोंड्यापर्यंत पालकांच्या मोबाईलवर तोच व्हिडिओ फिरतो. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पालथा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. खाली मजकूर: ‘मेणबत्तीने सगळा ऑक्सिजन संपवला, रिकाम्या जागेने पाणी ओढलं. पाणी एक पंचमांश चढलं, म्हणून हवेत २१ टक्के ऑक्सिजन.’ आकडा बरोबर आहे, पण तो या पेल्यातून निघत नाही.

‘सगळा ऑक्सिजन संपवला.’ छे. ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर उतरला की मेणबत्ती विझते.

‘रिकामी जागा.’ घोळ खरा इथे आहे. जळलेला ऑक्सिजन नाहीसा होत नाही. त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. वाफेचं पुन्हा पाणी होतं, मान्य. पण दर ३ भाग ऑक्सिजनमागे सुमारे २ भाग कार्बन डायऑक्साइड पेल्यातच राहतो, आणि तो पाण्यात इतक्या झटपट विरघळत नाही. हिशेबाने हवा दोनेक टक्केच घटायला हवी. मग पाणी एवढं का चढतं? पेला ठेवतानाच ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते, थोडी कडेने बुडबुड्यांतून निसटते. ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते. ७७ अंशांवरून २७ अंशांवर आलेली हवा तब्बल सातव्या हिश्शाने कमी जागा व्यापते. व्हिडिओ पुन्हा नीट बघा: ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हलतं, झरझर चढतं ते विझल्यावर.

‘ओढलं.’ ओढणारं कुणी नाही, बाहेरची हवा ढकलते. मिरामारला समुद्रकाठी तिचा दाब १० मीटर उंच पाणी तोलून धरेल. पेल्यातल्या दोन इंचांचं काय घेऊन बसलात!

‘एक पंचमांश.’ एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर जातं. हवेतला ऑक्सिजन वाढला का? मेणबत्तीही नको: पेला कढत पाण्याने विसळून पालथा घाला, तरी पाणी चढतं.

ऑक्सिजन मोजायचाच असेल तर भांडी घासायची गंजणारी लोखंडी तार घ्या, चकचकीत स्टीलची नको. माडाच्या व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून, उंच पेल्याच्या तळाशी कोंबा आणि पेला पाण्यात पालथा घाला. गंज ऑक्सिजनला धरून ठेवतो, बदल्यात वायू सोडत नाही. पाणी सावकाश पाचव्या हिश्शाकडे सरकतं, त्याला एखादी रात्र तरी द्या. (आपल्याकडे पावसाळ्यात लोखंडाला गंजायला आमंत्रण लागत नाही.) पाण्यात चमचाभर आगळ (कोकमाचा लाल रस) घातलं की पातळी ठळक दिसते.