‘कौतुकाने मुलं बिघडतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. दर वेळी शब्द थोडे बदलतात, सार तेच राहतं. कौतुकाने मुलं डोक्यावर बसतात. दुसऱ्याचं उदाहरण दिलं की ईर्षेने अभ्यासाला लागतात. धाकात वाढलेलीच पुढे कणखर निघतात. ‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ ही पळवाट आहे. आणि आत्मसन्मानाने काही मार्क मिळत नाहीत. शेवटी ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे ठरलेलं वाक्य, आणि खाली अंगठ्यांची रांग.

सगळंच चुकीचं असतं तर उत्तर द्यायच्या फंदात पडलो नसतो. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि त्याच्या आडून बाकीचे खपून जातात.

‘कौतुकाने मुलं बिघडतात.’

काही कौतुकाने खरंच नुकसान होतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडवून झाल्यावर काही मुलांना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतली असणार. मग मुद्दाम अवघड कोडी दिली आणि त्यात सगळ्यांचीच दांडी उडाली. त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी आली, तेव्हा हुशार म्हटलेल्यांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनतीची दाद मिळालेल्यांची सुधारली. आपले गुण एका अनोळखी मुलाला कळवायला सांगितले, तर हुशार म्हटलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. एकदा बिरुद लागलं की ते जपायची धडपड सुरू होते. (म्हणून आता उठसूट ‘मेहनत, मेहनत’ असा जप करावा असंही नाही. या कल्पनेवर बेतलेल्या शालेय उपक्रमांचा एकूण परिणाम पुढे बेताचाच दिसला आहे.)

फुगवलेल्या कौतुकाचं तर आणखी वाईट. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं की, ज्या मुलांचा स्वतःवर भरवसा कमी असतो त्यांच्यावरच मोठी माणसं ‘अप्रतिम! अफलातून!’चा मारा जास्त करतात, आणि तीच मुलं नंतर अवघड चित्र काढायला घेणं टाळतात.

पण म्हणून कौतुकच नको, हा निष्कर्ष कुठून आला? याच गटाने २०१५ मध्ये ७ ते ११ वर्षांच्या ५६५ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपलं मूल इतरांपेक्षा वरचढ आहे असं मानणाऱ्या पालकांची मुलं पुढे आत्मप्रौढीकडे झुकली. ज्यांना घरात माया मिळाली त्यांचा आत्मसन्मान वाढला. म्हणजे गर्वाला खतपाणी मिळालं ते मायेतून नव्हे, इतरांशी लावलेल्या मोजपट्टीतून. आणि मेसेज औषध म्हणून सुचवतो तीही हीच मोजपट्टी!

मूल चित्र घेऊन येतं. मोबाइलवरची नजर न हलवता ‘वा, मस्त!’ म्हटलं की विषय संपला. कागद हातात घेऊन ‘या घराला दार कुठंय रे?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘मागे आहे. पुढून चोर येतात.’ यात स्तुती नाही, टीकाही नाही. पण आपण काढलेलं कुणीतरी नीट पाहिलं, एवढं त्या मुलाला कळतं.

‘तुलना केली की ईर्षा जागते.’

जागते, पण कुणाची? पुढे असलेल्याची की मागे पडलेल्याची? ॲलेक्स जेन्सन आणि सुझन मॅकहेल यांनी २०१५ मध्ये भावंडांवरचा अभ्यास मांडला. दोघांतलं हुशार कोण याबद्दल आईवडिलांचं जे मत होतं, त्याच दिशेने पुढे दोघांच्या गुणांतलं अंतर वाढत गेलं. ‘ताईसारखं कर’ हे वाक्य धाकट्याला ढकलण्यासाठी असतं; त्याच्यापर्यंत पोचतं ते एवढंच, की ती जागा ताईची आहे.

‘धाकात वाढलेली मुलं कणखर होतात. आम्ही नाही का घडलो?’

जे घडले तेच हे लिहितात. ज्यांचं बिनसलं, ते असे मेसेज पाठवत नाहीत. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये १,६०,००० हून अधिक मुलांवरचे ७५ अभ्यास एकत्र तपासले. १७ पैकी १३ बाबींत मारण्याचं नातं वाईट परिणामांशी आढळलं. हट्टी मुलं मारही जास्त खातात, त्यामुळे निव्वळ या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मारण्याने फायदा झाल्याचं तिथे काही सापडलं नाही, हेही तितकंच खरं.

शिवाय या मेसेजला दोनच रस्ते ठाऊक आहेत, धाक नाहीतर लाड. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकातच तिसरा दाखवला होता: नियम पक्के, त्यामागचं कारण सांगितलेलं, आणि माया कायम.

‘प्रत्येक मूल वेगळं असतं ही पळवाट आहे.’

टाकीचे घाव घालणारा कारागीरही आधी दगडाची जात बघतो. १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी मुलांना तान्हेपणापासून पाहिलं, तेव्हा सुमारे १५ टक्के मुलं नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी निघाली. असं मूल नव्या घोळक्यात आधी अर्धा तास आईचा पदर धरून उभं राहतं. ‘जा ना, बाकीची बघ कशी खेळतायत’ म्हटलं की पकड आणखी घट्ट होते. त्याला खेळायला लावायचंच नाही, असं नव्हे. तो अर्धा तास द्यायचा.

पळवाटा निघतात, हे मात्र खरं आहे. ‘माझं मूल बघूनच शिकतं, त्याला वाचायला लावू नका’ असं म्हणणारे भेटतात. मुलाच्या ‘शैली’नुसार शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नसल्याचं २००८ च्या एका नावाजलेल्या आढाव्यात स्पष्ट झालं आहे. तिथे मी मेसेजवाल्यांच्याच बाजूने.

‘आत्मसन्मानाने मार्क मिळत नाहीत.’

बरोबर, फारसे मिळत नाहीत. कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कार्यगट नेमला होता. २००३ मध्ये रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी एकूण पुरावा तपासला तेव्हा त्यातल्या बऱ्याच अपेक्षांची हवा गेली. नुसता आत्मसन्मान वाढवून गुण वाढतात असं दिसलं नाही. मात्र त्याच आढाव्यात दोन गोष्टी टिकल्या: आत्मसन्मान जास्त असलेली माणसं जास्त आनंदी असतात, आणि काही वेळा अपयशानंतर जास्त चिकाटीने प्रयत्न करतात. कमी मार्कांचा पेपर घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलाला नेमकी तीच चिकाटी हवी असते. ‘बाकीच्यांना किती पडले?’ हे विचारायच्या आधी ‘कुठलं गणित अडलं? दाखव बरं’ म्हटलं, तर तो पेपर दप्तरात लपवण्याऐवजी टेबलावर पसरतो.