कबड्डीत पटतं, क्रिकेटमध्ये नाही

सख्खे भाऊ एका संघात असले की ताळमेळ आयता मिळतो, हे लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. २३ मार्च २०२१ला आपल्या पुण्याजवळच्या गहुंजेत इंग्लंडविरुद्ध हार्दिक पंड्याने सख्ख्या भावाला, कृणालला, एकदिवसीय पदार्पणाची कॅप दिली. कृणालने २६ चेंडूंत अर्धशतक ठोकलं खरं, पण भागीदारी जमली ती के. एल. राहुलबरोबर. हार्दिक १ धाव काढून आधीच तंबूत! कबड्डीत मात्र फरक पडतो. आमच्या पेठेतल्या मंडळात दोघे भाऊ बचावात हातात हात घालून साखळी धरायचे. चढाईपटूचा पाय आत आला की धाकटा नुसतं बोट दाबायचा, थोरला झेपावायचा. तोंडातून शब्द नाही. पकड फसली की भांडण थेट घरच्या ताटापर्यंत, ते सोडा. आणि निवड समितीत काका बसले असले की 'ताळमेळा'चं कौतुक जरा जास्तच होतं, तेवढं लेखात राहिलं.