‘इंग्रजीत प्रत्येक प्राण्याला दोन शब्द’: एका दाव्याचा प्रतिवाद

सोलापुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्यात म्हटले आहे की, इंग्रजीत प्रत्येक प्राण्याच्या नराला आणि मादीला स्वतंत्र शब्द आहे, मराठीत मात्र ‘ई’ किंवा ‘ईण’ जोडून भागवले जाते, आणि म्हणून प्राण्यांचे नेमके ज्ञान मुलांना इंग्रजीतूनच मिळते. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

पहिले विधान घेऊ. बुल-काऊ, रॅम-यू (मेंढा-मेंढी), स्टॅलिअन-मेअर (घोडा-घोडी) या जोड्या खरोखरच स्वतंत्र आहेत. पण त्या गोठ्यातल्या, रोजच्या कामातल्या जनावरांच्या आहेत. हत्ती, गेंडा आणि देवमासा यांच्यासाठी इंग्रजी बुल आणि काऊ हेच शब्द उसने घेते, अस्वलासाठी डुकराचे बोअर आणि साऊ वापरते, तर कावळा-पोपटांच्या बाबतीत बहुतेकदा सरळ मेल, फीमेल जोडून मोकळी होते. लायनेस आणि टायग्रेस यांतला प्रत्यय तर फ्रेंचमधून आलेला आहे आणि तो आपल्या ‘ईण’चेच काम करतो. फॉक्सचे (कोल्ह्याचे) व्हिक्सन (कोल्हीण) हे रूपसुद्धा मुळात प्रत्यय लागूनच झाले आहे. दक्षिण इंग्लंडच्या बोलीतील उच्चारामुळे ते वेगळा शब्द वाटते, एवढेच.

दुसरे विधान मला अधिक लागले, कारण ते आपल्याच जिल्ह्याच्या रोजच्या बोलण्याकडे पाठ फिरवते. बैल-गाय, रेडा-म्हैस, बोकड-शेळी, मोर-लांडोर, बोका-भाटी यांत कोणता प्रत्यय दिसतो? सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारात मी एका शेतकऱ्याला खिलार जातीच्या खोंडाचा जबडा उघडून गिऱ्हाइकाला दात दाखवताना पाहिले. “अदत आहे, अजून औताला धरला नाही,” असे तो म्हणाला. ‘खोंड’ या शब्दातून जनावर नर आणि तरुण आहे हे कळले, ‘अदत’ने त्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत हे सांगितले. पैदाशीचा तो वळू आणि खच्ची करून औताला जुंपतात तो बैल, हा भेद इंग्रजीत बुल आणि ऑक्स यांनी होतो, तसाच मराठीतही होतो. न व्यालेल्या गाईला कालवड, म्हशीच्या वाढत्या मादीला वगार आणि तरुण कोंबडीला तलंग म्हणतात. पंढरपुरी म्हशी पाळणाऱ्या घरात वगार हा शब्द लहान मुलालाही शिकवावा लागत नाही. घोडा-घोडी, मेंढा-मेंढी या जोड्या प्रत्ययाने होतात, हे मात्र मान्य केले पाहिजे. तरी मेंढ्याला ‘एडका’ हा वेगळा शब्दही आहेच.

तिसऱ्या विधानाला उत्तर सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर मिळते. इंग्रजीतील ‘ब्लॅकबक’ या तिथल्या हरणाच्या नावाचा शब्दशः अर्थ काळा नर असा होतो, तरी तो तपकिरी मादीलाही लावला जातो. माळढोक पक्ष्याच्या नर-मादीसाठी इंग्रजी कोंबड्याचे कॉक आणि हेन हेच शब्द वापरते. या हरणांचा कळप समोर आला की पिळदार शिंगांचा गडद नर आणि बहुधा बिनशिंगांची फिकट मादी ओळखण्यासाठी मुलाला डोळे लागतात, आणि त्या नराला ‘काळवीट’ व मादीला ‘हरणी’ म्हणणारे शब्द त्याला घरीच मिळालेले असतात.